बरं वाटलं म्हणून बंद केली

मी फार्मासिस्ट आहे, औषधांच्या काउंटरवर उभं राहून बरीच वर्षं झाली, पण त्या गुरुवारी आलेले काका अजून डोळ्यासमोर आहेत.

दुपारची वेळ, गर्दी नव्हती. साठीच्या आसपासचे काका, सोबत काकू, आणि काकूंनी आल्या आल्या चक्करेची गोळी मागितली. कधीपासून येतेय चक्कर असं विचारलं तर काका मधेच म्हणाले, "चक्कर नाहीये हो ही, डोळे असे बाजूला फिरवले ना की डोक्यात करंट बसतो, झटकन." आणि करूनच दाखवलं. माझ्यावरची नजर बाजूच्या कपाटाकडे नेली आणि त्याच क्षणी पापण्या फडफडल्या, हात काउंटरच्या काचेवर घट्ट दाबला गेला.

हे वर्णन ऐकल्यावर माझा हात चक्करेच्या गोळीकडे गेलाच नाही. विचारलं, काका, आठवड्याभरात कुठलं औषध बंद केलंय का? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग काकूंनी पर्समधून स्ट्रिप काढली, व्हेनलाफॅक्झिन, १५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, चार शिल्लक. "ही डिप्रेशनची. आता हे छान आहेत, जेवतात, झोपतात, नातवाशी खेळतात, मग मीच म्हटलं कशाला उगाच, सोमवारपासून बंद केली." झटके मंगळवारी संध्याकाळी सुरू झाले होते, सोबत मळमळ, घाम, विचित्र स्वप्नं, आणि काका घरात सगळ्यांवर खेकसत होते म्हणे. काकूंना वाटत होतं मेंदूत काहीतरी झालंय.

आधी बाकीचं विचारून घेतलं, बोलताना जीभ जड होते का, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटतो का, ताप, छातीत दुखणं. काहीच नाही. जीव नकोसा वाटतोय का हेही सरळ विचारलं, विचारायला अवघड वाटतं पण विचारायलाच हवं. काका नाही म्हणाले, आणि मग हळूच म्हणाले, "पण भीती वाटते, ते सगळं परत आलं तर."

काकूंचा प्रश्न वेगळा होता. "म्हणजे ह्यांना ह्या गोळीचं व्यसन लागलंय का?"

नाही काकू, व्यसन वेगळं. व्यसनात माणसाला त्या गोष्टीची तलफ येते, मात्रा वाढवावीशी वाटते. इथे काकांना कॅप्सूलची आठवणसुद्धा आली नव्हती. ही कॅप्सूल मेंदूतली रसायनं, म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन पेशींनी परत ओढून घेण्याचा वेग कमी करते, आणि मेंदू काही आठवड्यांत त्याच्याशी जुळवून घेतो, म्हणून तर असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. आता तो आधार एकदम काढला की मेंदूला परत जुळवायला वेळच मिळत नाही, आणि असे झटके बसतात. त्यात व्हेनलाफॅक्झिन शरीरातून फार लवकर जातं, साधारण ५ तासांत रक्तातलं प्रमाण निम्मं, त्यापासून बनणारा घटकही सुमारे ११ तासांत निम्मा, एखादा डोस चुकला तरी काहींना जाणवतं. फ्लुओक्सेटिनसारखं डिप्रेशनचंच दुसरं औषध शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे ते सोडताना एवढा त्रास सहसा होत नाही.

काकांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी आधीचाच डोस आजच परत सुरू करायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावलं. काकांनी तिथेच पाण्यासोबत कॅप्सूल घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला, झटके जवळजवळ थांबलेत.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सात महिने ती कॅप्सूल त्यांना मीच देत होते. जेवणासोबत घ्या, फोडू नका, चावू नका, मधून मधून बीपी बघा कारण हिने बीपी वाढू शकतं, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल परस्पर घेऊ नका, सगळं दरवेळी सांगितलेलं. बंद कशी करायची हे एकदाही नाही. बरं वाटायला लागल्यावर माणूस औषध सोडायचा विचार करणारच, साधी गोष्ट आहे, आणि नेमकं तेच माझ्या तोंडून राहून गेलं. बरं वाटल्यावरसुद्धा डॉक्टर निदान सहा महिने औषध का चालू ठेवतात, मधेच सोडलं तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, हेही मी काकूंना त्या गुरुवारी पहिल्यांदा सांगितलं.

आता अशी पहिली स्ट्रिप देतानाच सांगते, बरं वाटलं की आधी डॉक्टरांकडे जा, ते डोस हळूहळू उतरवतील, एकदम सोडू नका. घाईत असलेल्यालाही थांबवून सांगते.

काकांचं औषध पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांनीच उतरवायला घेतलं, १५० वरून ७५, मग ३७.५, प्रत्येक पायरीवर काही आठवडे. ३७.५ ची स्ट्रिप न्यायला ते एकटेच आले होते. झटके येतात का काका, विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघत सावकाश नजर कपाटाकडे नेली, परत आणली, आणि म्हणाले, "नाही."