परदेशी बदली लवकर मागावी, पण लगेच नाही

मी २०१९ मध्ये सीए झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यातील एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये रुजू झाले. दोन वर्षांनी मी परदेशातील कार्यालयात बदलीसाठी अर्ज केला, तेव्हा पसंतीच्या देशाच्या रकान्यात मी ‘कोणताही’ असे लिहिले होते. तो अर्ज नामंजूर झाला. त्या वेळी मला फार वाईट वाटले, पण आज तोच अर्ज माझ्यासमोर आला तर मीही तो मंजूर करणार नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी लक्झेंबर्गला गेले. नुकतेच सीए झालेले अनेक जण मला विचारतात की बदली लवकर मागावी की चांगला अनुभव गाठीशी बांधून मागावी, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे मत लवकर मागावी असेच आहे. जमा-नावे सगळ्या जगात सारखेच असले, तरी आपला व्यवसाय ज्या देशात आपण करतो त्या देशाच्या कायद्याला बांधलेला असतो. भारतात दहा वर्षे काम केलेल्या सीएची खरी किंमत जीएसटी, आयकर आणि २०१३ चा कंपनी कायदा यांच्या बारकाव्यांत असते, आणि नेमकी तीच शिदोरी विमानात बसताना मागे राहते. शिवाय लक्झेंबर्गमध्ये लेखापरीक्षण अहवालावर सही करण्यासाठी तिथली मान्यता लागते. आपल्या सीए इन्स्टिट्यूटचे सदस्यत्व त्यासाठी पुरत नाही. सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी तुमच्याकडून सहीची अपेक्षा कोणीच करत नाही, त्यामुळे ही उणीव जाणवत नाही. छत्तिसाव्या वर्षी मात्र ती रोज जाणवते.

मात्र लवकर म्हणजे लगेच नव्हे. किमान एक काम सलग दोन सीझन, म्हणजे वर्षअखेरीच्या ऑडिटचे दोन हंगाम, तेही शेवटपर्यंत, केलेले असावे असे मला मनापासून वाटते. माझ्याकडे एका कंपनीचे काम होते, जिच्या समूहाचे, म्हणजे मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या मिळून, एकत्रित ताळेबंद लक्झेंबर्गमध्ये तयार होत. समूहाचे वर्ष डिसेंबरमध्ये संपत असल्याने तिथल्या ऑडिट टीमला आमचा अहवाल जानेवारीअखेर लागे, आणि मग मार्चअखेरीचे आपले नेहमीचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पहिल्या वर्षी मी या कामात केवळ हाताखाली होते. अर्ज नामंजूर झाल्यावर मी आमच्या पार्टनर सरांना विनंती केली की मला दुसऱ्या कामावर न पाठवता याच कामावर ठेवावे. जानेवारी २०२२ मध्ये सगळा अहवाल मी स्वतः पाठवला आणि तिकडून आलेल्या प्रत्येक शंकेचे उत्तर त्याच दिवशी दिले. तीन महिन्यांनी तिथल्या मॅनेजरनेच विचारले की तू इकडे येशील का. अर्ज त्यानंतरही भरावा लागला, मुलाखतही झाली; पण मागणी तिकडून आल्यामुळे या अर्जाला वजन होते.

मुलाखतीत मला समूह-लेख्यांवर प्रश्न येतील असे वाटले होते. त्याऐवजी त्यांनी विचारले, ‘मालाच्या नोंदीवर तुमचा विश्वास बसला नाही, असे कधी झाले आहे का?’ मी त्यांना आर्टिकलशिपमधली, म्हणजे सीए होण्यापूर्वीच्या उमेदवारीतली, सांगलीची गोष्ट सांगितली. हळदीच्या एका गोदामात पोत्यांची थप्पी होती. लांबी, रुंदी आणि उंचीची पोती मोजून गुणाकार केला की आकडा स्टॉक रजिस्टरशी तंतोतंत जुळत होता. आमच्या सीए सरांनी मला हमालाबरोबर शिडीने थप्पीच्या माथ्यावर चढायला लावले. वर गेल्यावर दिसले की मधल्या चार ओळी रिकाम्या आहेत आणि त्या पोकळीवर ताडपत्री अंथरलेली आहे. हाता-केसांना हळद लागलेल्या अवस्थेत मी ती पोती पुन्हा मोजली आणि नवा आकडा लिहून सही केली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढे फक्त एवढेच विचारले की तो फरक वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या टिपणांत, कसा मांडला.

आता नियुक्तीपत्राविषयी, कारण तिथे माझे नुकसान झाले. सेकंडमेंट, म्हणजे ठरावीक काळापुरती बदली, आणि कायमची बदली यांतला फरक मी नीट समजून घेतला नाही आणि फर्मनेही तो समजावून सांगितला नाही. सेकंडमेंटमध्ये इथली नोकरी चालू राहते. भारत आणि लक्झेंबर्ग यांच्यात २०११ पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारामुळे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन पीएफ इथेच भरता येतो. कायमच्या बदलीत, आणि माझी तशीच होती, पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा द्यावा लागतो. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. माझी तीन वर्षे चार महिने भरली होती, त्यामुळे तो हक्क गेला. रक्कम मोठी नव्हती, पण दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने स्वतःचे पत्र इतक्या घाईने वाचावे, याची खंत मला अजूनही आहे. निघण्याची तारीख मात्र मी विचारपूर्वक ठरवली. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या आर्थिक वर्षातील इथले वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर तो आयकरासाठी अनिवासी ठरतो. मी २४ सप्टेंबरला निघाले, म्हणजे १७७ दिवस भरले.

तिथे गेल्यावर गुंतवणूक फंडांच्या ऑडिटचा पहिला सीझन अतिशय कठीण गेला. युरोपीय नियमांनुसार सर्वसाधारण गुंतवणूकदारांसाठीच्या फंडांचा वार्षिक अहवाल वर्षअखेरीपासून चार महिन्यांत प्रसिद्ध व्हावा लागतो, आणि लक्झेंबर्गमध्ये असे फंड युरोपात सर्वाधिक आहेत, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल डोके वर काढायला फुरसत नसते. कराराची कागदपत्रे अनेकदा फ्रेंचमध्ये असत. श्रेणीही एक पायरी खाली मिळाली होती, पण त्याचे मला दुःख नाही, कारण फंडाच्या मालमत्तेचे मूल्यांकन मी तिथे खरोखर नव्याने शिकत होते.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी सांगलीला घरी गेले होते. बाबांनी सहकारी बँकेत तीस वर्षे नोकरी केली आहे. त्यांनी चष्मा लावून माझे पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, ‘हे सगळं ठीक आहे गं, पण परत यायचं म्हटलंस तर पुण्यात जागा मिळेल, हे कुठे लिहिलंय?’ ते कुठेच लिहिलेले नव्हते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी एचआरला मेल केला. तीन वर्षांच्या आत परत आल्यास त्या वेळच्या श्रेणीवर पुणे कार्यालयात विचार केला जाईल, असे एका ओळीचे उत्तर आले. बाबांनी त्या मेलची प्रत काढून आणायला सांगितली आणि माझ्या सीएच्या प्रमाणपत्राच्या फायलीत लावून ठेवली.