जावयाची खाण, आमची गिरणी: दोन घरांची नावं शोधताना (माझा अनुभव)

पहिल्यांदाच सांगते, आपल्याकडच्या जुन्या जनगणनेत पणजोबांचं नाव सापडेल ही आशा सोडा. मी सोडली, पण त्याच्याआधी जावयाच्या घराण्याची जनगणना वाचून बसले होते, म्हणून मला ते जास्तच लागलं.

माझी मुलगी वेल्समध्ये असते, जावई तिकडचाच, त्याचं घराणं ऱ्होंडा नावाच्या दरीतलं, पिढ्यानपिढ्या कोळशाच्या खाणीत काम करणारं. नातवाला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला. लेक म्हणाली, आई तू रिटायर आहेस, दोन्हीकडचं तूच बघ की. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, रजिस्टरं चाळायची सवय, म्हणलं चालतंय, आधी अवघड ते करू. मला वाटलं अवघड म्हणजे त्यांचं. पण ते झालं सोलापुरातल्या आमच्या घरात बसून, चहा पीत पीत.

त्यांच्याकडं 1801 पासून दर दहा वर्षांनी जनगणना, पण नावं नीट मिळतात ती 1841 पासून. शंभर वर्षं झाली की ती लोकांना बघायला खुली करतात, त्यामुळं सध्या 1921 पर्यंतची बघता येते. 1931 ची कागदपत्रं 1942 मध्ये आगीत जळाली आणि 1941 ला युद्धामुळं जनगणनाच झाली नाही, म्हणजे 1921 संपली की मोठा खड्डा. तो बुजवायला 1939 च्या सप्टेंबरात युद्धासाठी केलेलं रजिस्टर आहे. म्हणून मी विहीणबाईंना त्यांच्या आजोबांचं नाव आणि जन्मसाल विचारून तिथून मागं मागं गेले. 1881 ची यादी फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहे, बाकीची काही पैसे देऊन बघावी लागली, ती लेकीच्या कार्डावर.

1921 च्या फॉर्मात माणूस कुणाकडं कामाला आहे तेही लिहायचं होतं, म्हणजे थेट खाणीच्या कंपनीचं नाव मिळतं. आणि गंमत बघा, ती जनगणना एप्रिलमध्ये होणार होती ती 19 जूनवर गेली कारण तिकडं संपाचं वातावरण होतं, खाणवाल्यांनी कामगारांना बाहेर काढून टाळं लावलेलं. विहीणबाईंच्या आजोबांपुढं कामाच्या रकान्यात खाणकामगार आणि पुढं बेकार. मी फोनवर वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या की हे घरात कधी कुणी बोललंच नाही.

1911 चा फॉर्म घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला असतो. त्यात बायकोला किती मुलं झाली, किती जगली, किती गेली असे रकाने आहेत. झाली नऊ, जगली पाच, गेली चार. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. 1891 मध्ये वेल्सपुरता एक जादा रकाना आहे, कुठली भाषा बोलता, वेल्श, इंग्रजी का दोन्ही. सोलापूरच्या माणसाला हे लगेच कळतं. आमच्या गल्लीत एका घरात तेलुगु, शेजारी कन्नड, पलीकडं उर्दू आणि भांडण मराठीत.

अडचण आली ती आडनावांची. त्या दरीत जोन्स, डेव्हिस, इव्हान्स एवढे की एका पानावर तीच तीन आडनावं आणि त्यात तीच चार नावं. अशा वेळी नुसतं नाव आणि वय धरून चालत नाही, मी अख्खं कुटुंब धरलं, म्हणजे बायकोचं नाव, मुलांचा क्रम, जन्माचं गाव. जन्माचं गाव 1851 पासून लिहिलंय आणि घरच्या कर्त्याशी नातं पण तेव्हापासूनच. 1841 मध्ये नातंच नाही, आणि पंधराच्या वरच्यांची वयं पाचच्या पटीत खाली उतरवलेली, म्हणजे 34 चा माणूस 30 लिहिलेला, त्यामुळं 1841 सगळ्यात शेवटी बघायची. तरी खात्री होईना तेव्हा जन्मनोंदणीची सरकारी सूची बघितली, ती जुलै 1837 पासून आहे, बघायला फुकट, आणि तिच्यात आईचं माहेरचं आडनाव येतं. तिथंच गाठ सुटली. शेजारची घरं पण वाचा बरं का, एका घरात भाड्याने राहिलेला मुलगा पुढच्या जनगणनेत शेजारणीच्या मुलीचा नवरा म्हणून दिसतो.

असं करत करत कळलं की हे लोक मूळचे खाणीतले नाहीतच. 1861 ला पश्चिम वेल्समधल्या कार्डिगनशरमध्ये दुसऱ्याच्या शेतात मजुरी, 1871 ला ऱ्होंडात कोळसा. 1881 मध्ये त्या घरातला 13 वर्षांचा पोरगा डोअर बॉय, म्हणजे जमिनीखाली अंधारात बसून घोड्याची गाडी आली की हवेचं दार उघडायचं आणि गेली की लावायचं, दिवसभर एवढंच. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना आणि बायका-मुलींना खाणीखाली उतरवायला 1842 च्या कायद्यानं बंदी आली, त्याच्या आधी तीही उतरायची.

त्या पोराचं नाव, वय, गाव, काम सगळं कागदावर आहे, तारीख 3 एप्रिल 1881. आता आपल्याकडं बघा. भारतात सगळीकडं एकदम झालेली पहिली जनगणना त्याच वर्षी, 17 फेब्रुवारी 1881, राणी तीच, व्हिक्टोरिया. आमचे खापरपणजोबा तेव्हा भीमेकाठच्या गावात असणार, त्यांनाही कुणीतरी मोजलं असणार. पण आपल्याकडं आकडे काढले आणि माणसांच्या नावाचे कागद टाकून दिले, छापले ते नुसते तक्ते, इतके हिंदू, इतके विणकर, इतके आंधळे. 1901 ला सोलापूर शहर 75,288 लोकांचं हे मला कुठल्याही लायब्ररीत मिळतं, त्यातला एकही माणूस मिळत नाही. आणि स्वातंत्र्यानंतरचं म्हणाल तर 1948 च्या जनगणना कायद्यात कलम 15 आहे, वैयक्तिक नोंद कुणाला बघता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. शंभर वर्षांनी उघडायचीही सोय नाही. गुप्तता पाहिजे हे मला पटतं, जात-धर्म लिहिलेला कागद आपल्या देशात मोकळा ठेवायचा नाही हे बरोबरच आहे, पण शंभर वर्षांनी कुणाचं काय बिघडतंय?

मग माणसं शोधायची कुठं? मला माहीत असलेल्या जागेपासून सुरू केलं, शाळा. वडिलांचा दाखला घरात होता, त्यावरनं शाळेच्या जनरल रजिस्टरपर्यंत गेले. दाखल्यावर नसतं ते रजिस्टरात असतं, जन्माचं गाव आणि पालकाचा धंदा. आजोबांपुढं लिहिलेलं, गिरणीत नोकरी. आजोबा सोलापूरच्या 'जुनी मिल' म्हणतात त्या कापड गिरणीत थ्रॉसल म्हणजे सूत कातायच्या खात्यात आणि आजी कांडीला, म्हणजे सूत कांड्यांवर गुंडाळायला, एवढं घरात बोलण्यातून माहीत होतं. ती मिल 1949 मध्ये बंद पडली, 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून ताब्यात घेतली आणि त्यावर भागधारक सुप्रीम कोर्टात गेले, ते निकाल वकिलीची पोरं आजही वाचतात. भागधारकांची नावं तिथं आहेत. हजारो कामगारांची नाहीत. आमच्याकडं आजोबांचा एक पत्र्याचा बिल्ला आहे, त्यावर नुसता नंबर.

जन्माचं गाव मिळाल्यावर तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज केला, गाव नमुना 14 साठी, म्हणजे कोतवालाने ठेवलेलं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हापासून ही बाडं बाहेर आलीत, नाहीतर ती कुणी उघडून बघत नव्हतं. सगळं मोडी लिपीत. मला मोडी येत नाही, आणि ज्यांना येते त्यांना त्या मोहिमेपासून एवढी मागणी की फोन उचलत नाहीत. शेवटी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या चुलत्यांनी वाचून दिलं. पैसे घ्यायला तयार नव्हते, म्हणाले बाई तुम्ही आमच्या पोराला शिकवलं की. मग जाताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नेली.

आता त्या रजिस्टरात काय असतं तर बापाचं नाव, जात, तारीख, आणि पोराच्या जागी नुसतं मुलगा किंवा मुलगी. आमच्या आजोबांच्या जन्माची नोंद सापडली त्यात आजोबांचं नाव नाही! मुलगा, बस. बापाचं नाव आणि साल जुळलं म्हणून धरायचं. आईचं नाव तर विचारूच नका.

जमिनीचे कागद पण बघितले. आपल्याकडं हक्कनोंद 1903 च्या कायद्यानंतरची, म्हणून जुना फेरफार त्याच्या पुढचाच मिळतो. त्यात पणजोबा वारस म्हणून लागलेत आणि थोड्याच वर्षांत तीच जमीन दुसऱ्याच्या नावावर गेलेली. त्याच्या पुढं आमच्या घराचं नाव त्या गावच्या कुठल्याच जमिनीच्या कागदात नाही. का विकली ते फेरफारात लिहीत नाहीत, पण आजोबा लहानपणी सोलापूरला कसे आले याचं उत्तर मिळालं. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, बाई, जमीन गेली की माणूस आमच्या दप्तरातनं जातो.

त्याच्या मागची नावं मिळाली ती हेळव्याकडून. आमच्याकडं सुगीनंतर हेळवी यायचे, बैलावर बसून, घराण्याची नावं म्हणून धान्य न्यायचे. गावातल्या चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, अक्का ते अजून येतात, आता मोटारसायकलवर. त्याने नंबर दिला. त्यांच्या वहीत पणजोबांच्या मागं अजून चार पिढ्या, त्यांनी सलग म्हणून दाखवल्या, मी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. जिथं कागदाशी ताडता आलं, म्हणजे पणजोबा आणि त्यांचे भाऊ, तिथं बरोबर निघालं, म्हणून मागच्याही धरल्या, पण वंशवृक्षात त्या पेन्सिलने लिहिल्या आहेत.

नातवाचा प्रोजेक्ट कधीच जमा झाला. पण तक्ता मी वाढवतेच आहे. जावयाच्या बाजूला बायकांचे सगळे रकाने भरलेत, माहेरच्या आडनावासकट. आमच्या बाजूला वडिलांची आई सोडली तर सगळे रिकामे, हेळव्याच्या वहीत बायका नसतात आणि सरकारच्याही नव्हत्या. आजीचं माहेर आळंद तालुक्यातलं, तो भाग तेव्हा निजामाकडं होता आणि दप्तर उर्दूत. माझ्या शाळेतल्या एक जुन्या सहकारी उर्दू माध्यमाला होत्या, त्या दिवाळीनंतर माझ्याबरोबर कलबुर्गीला यायला तयार झाल्यात. तोपर्यंत कुणाकडं तिकडच्या गावातली जुनी माणसं ओळखीची असतील तर सांगा.