ट्रिमची बटणं नंतर, आधी सीजी

सड्यावर (माथ्यावरच्या सपाट खडकाळ माळावर) रिमोटवरची छोटी विमानं उडवायला येणाऱ्या नव्या पोरांचं मी नेहमी बघतो, विमान हवेत गेलं रे गेलं की अंगठे ट्रिमच्या बटणांवर, म्हणजे स्टिक सोडली तरी विमानाचे हलणारे पृष्ठभाग थोडे वळवून ठेवणाऱ्या बटणांवर. पीप पीप पीप. नाक खाली टाकतंय, दे अप ट्रिम. डावीकडे कलतंय, दे उजवीकडे. थोड्या वेळात विमान सरळ जायला लागतं, सगळे खूश, आणि मग थ्रॉटल जरा कमी केला की परत पहिल्यासारखंच.

होणारच ना. ट्रिम दिलेल्या एलेव्हेटरचा (शेपटीचा आडवा हलणारा भाग, नाक वर-खाली करणारा) जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, पण नाकातलं जास्तीचं वजन आहे तेवढंच राहतं. म्हणजे ते दोन्ही जुळतात ते एकाच वेगाला. ट्रेनरला (शिकाऊ विमानाला) चालून जातं, तो बिचारा एकाच वेगात गोल गोल फिरतो. एरोबॅटिक विमान फुल थ्रॉटलवर सरळ वर जाणार, आयडलवर (मोटर अगदी मंद) सरळ खाली येणार, उलटं उडणार, आडवं उडणार, तिथे बटणांनी लपवलेलं सगळं बाहेर येतं.

म्हणून आधी घरी टेबलावर. सर्व्हो (पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटर) सेंटरला, पृष्ठभाग सरळ, लिंकेजमध्ये (सर्व्होपासून पृष्ठभागापर्यंतच्या काड्यांत) खडखड नाही (सेंटरला नीट परत न येणारा सर्व्हो असेल तर पुढचं काहीही करू नका, तुम्ही भुताच्या मागे धावाल). सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोललं जातं तो) कागदावर पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर धरून सुरुवात करा, थ्रीडीवाले (जवळजवळ जागच्या जागी कसरती करणारे) आणखी मागे नेतात. रुंदी ३०० मिमी असेल तर पुढच्या कडेपासून ७५ ते ९० मिमी. शिसं चिकटवायच्या आधी बॅटरी सरकवून बघा, दीड किलोच्या विमानात ३०० ग्रॅमची लिपो बॅटरी २० मिमी मागे नेली तर सीजी ४ मिमी मागे जातो, आणि ४ मिमी म्हणजे खूप झाले. पेट्रोल किंवा ग्लो इंजिनवाल्यांनी (ग्लो म्हणजे मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) टाकी रिकामी ठेवून बघायचं, कारण टाकी बहुतेक सीजीच्या पुढे असते, इंधन संपत जातं तसं विमान शेपटीकडे जड होत जातं.

हवेतली माझी आवडती टेस्ट म्हणजे ४५ अंशांची. आधी सपाट उड्डाणात विमान ट्रिम करा, मग ४५ अंशांत वर चढवा, अर्धा रोल देऊन उलटं करा आणि एलेव्हेटरची स्टिक सोडून द्या. रेषेवर थोडा वेळ टिकून हळूच खाली वळलं तर सीजी बरोबर. नाक झटकन जमिनीकडे गेलं तर नाक जड. उलट आणखी वरच चढायला लागलं तर शेपूट जड. बॅटरी सरकवली की सपाट उड्डाणाचा ट्रिम परत बघायचा आणि टेस्ट परत, कंटाळा येतो पण दुसरा मार्ग नाही.

मग डावं उजवं. हे लोक सर्रास सोडून देतात. स्पिनरला (नाकावरच्या टोपीला) आणि शेपटीला धरून विमान उचला, जो पंख खाली जाईल तो जड, दुसऱ्या पंखाच्या टोकाला थोडंसं वजन लावा. जड पंख म्हणजे फेरीबोटीत सगळ्या स्कूटर एकाच बाजूला लावल्यासारखं, शांत पाण्यात चालून जातं. सपाट उडताना एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, विमान कलवणारा) ट्रिम झाकून घेतो, पण लूपसाठी (हवेत उभं वर्तुळ) जोरात एलेव्हेटर ओढला की तोच पंख पडतो आणि लूप कॉर्कस्क्रूसारखा बाहेर जातो.

सरळ वर जाताना नाक डावीकडे जात असेल तर मोटर थोडी उजवीकडे वळवायची, प्रोपेलरच्या फिरण्यामुळे ते होतं. मागून बघितल्यावर डाव्या बाजूच्या बोल्टखाली वॉशर, बोल्टमधलं अंतर ५० मिमी असेल तर १ मिमी वॉशरने साधारण १ अंश मिळतो. रडरच्या (शेपटीचा उभा हलणारा भाग) ट्रिमने हे करू नका, आयडलवर खाली येताना तोच ट्रिम विमान उजवीकडे नेईल.

हे सगळं सकाळी लवकर करा. आपल्याकडे गोव्यात दुपारकडे समुद्राचा वारा सुरू झाला आणि एप्रिलमध्ये चिऱ्याचा सडा तापला की विमान का हललं ते कोणालाच सांगता येत नाही. आणि दाबोळीचा विमानतळ होताच, आता २०२३ पासून मोपाचाही आहे, तेव्हा आधी डिजिटल स्कायचा (सरकारचा ड्रोनसाठीचा) नकाशा बघा, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंतच ग्रीन झोन (परवानगीशिवाय उडवता येतं तो भाग) आहे.

नाइफ एजचं (पंख उभे धरून आडवं उडण्याचं) मिक्सिंग, म्हणजे एका स्टिकबरोबर दुसरा पृष्ठभागही थोडा आपोआप हलवणं, अगदी शेवटी. रडर दिला की विमान कॅनोपीकडे किंवा पोटाकडे ओढतं, रोलही होतं, ते ट्रान्समीटरमध्ये रडरवरून एलेव्हेटर आणि एलेरॉनला थोडी टक्केवारी देऊन काढायचं. डाव्या आणि उजव्या रडरचे आकडे वेगळे येतात, दोन्ही बाजूंनी उडवून बघा. आकडा फारच मोठा द्यावा लागत असेल तर मी मिक्सिंग शून्यावर आणतो आणि परत बॅटरी सरकवायला बसतो.