कंदीलपुष्पाचा फोटो पाठवणाऱ्यांसाठी

2023 साली विशाळगडावरच्या एका कंदीलपुष्पाला शिवाजी महाराजांवरून ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ हे नाव मिळालं आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या झळकल्या. तेव्हापासून ऑगस्ट लागला की माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. कुणी रतनगडावरून पाठवतं, कुणी आंबोलीच्या सड्यावरून. माझे जुने विद्यार्थी असतात, त्यांचे ट्रेकचे मित्र असतात. प्रश्न बहुतेकांचा एकच : “मॅडम, ही नवीन आहे का?”

हे फोटो मला मनापासून आवडतात. भर पावसात, जळवांच्या गवतात कुणीतरी खाली बसून एका फुलाकडे नीट पाहिलंय, हेच मला मोठं वाटतं. पण दोन ओळींच्या मेसेजमध्ये उत्तर मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

फोटो पाहून मी कधीच ‘नवीन’ म्हणत नाही. नवीन ठरवायचं म्हणजे आजवर वर्णन झालेल्यांपैकी ही कुठलीच नाही, हे दाखवावं लागतं. आणि सह्याद्रीत तर कंदीलपुष्पांचा मोठा गोतावळा आहे. पाचगणीच्या नावाची ‘पंचगनिएन्सिस’ ब्लाटर आणि मॅककॅन यांनी नोंदवली. ब्लाटर म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट पाद्री. तिथला वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ‘लॉवी’ हे नाव मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी लॉ यांच्यावरून इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने 1883 मध्ये दिलं. ‘महाबळेई’ पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे सरांवरून, ‘ह्युबेरी’ या सगळ्या गटाचा 1957 साली फेरआढावा घेणाऱ्या जर्मन अभ्यासकावरून, ‘अंजनेरिका’ नाशिकच्या अंजनेरीवरून, आणि ती तर अगदी अलीकडची, 2006 ची. रस्ते, गाड्या, कॉलेजं असलेल्या नाशिकच्या इतक्या जवळचा डोंगर, रोजची भाविकांची वर्दळ, आणि तरीही तिथली एक वनस्पती तोवर बिननावाची होती. मला ही गोष्ट वर्गात सांगताना दरवर्षी तितकाच आनंद होतो.

आता फुलाकडे येऊ. खाली फुगीर बूड, वर नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. वासाला भुलून चिलटांसारख्या बारीक माश्या नळीत उतरतात. आत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे त्यांना वर चढता येत नाही. धडपडताना परागांच्या पिशव्या त्यांना चिकटतात. मग केस कोमेजतात, माशी सुटते आणि पुढच्या फुलात शिरते. तिच्या अंगाला पराग लावणारी रचना फुलाच्या बुडाशी असते. तिथे दोन फेऱ्यांचा एक छोटासा मुकुट असतो. बाहेरच्या फेरीचे दात किती खोल कापलेले, त्यांवर लव आहे की नाही, आतल्या फेरीच्या काड्या सरळ की टोकाला वाकलेल्या, या काही मिलिमीटरच्या गोष्टींवर प्रजाती ठरते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन फुलांत इथे फरक निघतो, आणि बाहेरून अगदी वेगळी वाटणारी दोन फुलं इथे एकच निघतात. तुम्ही पाठवलेल्या सुंदर फोटोत नेमका हाच भाग झाकलेला असतो.

म्हणून फूल उभं चिरावं लागतं. दाबून वाळवलेल्या फुलात मुकुट चेपून जातो, तेव्हा एखादं फूल स्पिरिटच्या बाटलीत ठेवतात. बाकी झाड प्रेसमध्ये, म्हणजे दाबून वाळवायच्या फळ्यांमध्ये, वर्तमानपत्राच्या घड्यांत. पावसाळ्यात हे काम फार जिकिरीचं होतं. कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी धरते. वाळल्यावर जांभळा रंग तपकिरी पडतो, म्हणून रंग तिथेच वहीत लिहायचा. उंची, उतार कुठल्या दिशेचा, सोबत कुठलं गवत होतं, हेही. वहीतली ही पानं मला त्या झाडाइतकीच मोलाची वाटतात, कारण पन्नास वर्षांनी ते ठिकाण शोधणाऱ्याच्या हाती तेवढंच असणार आहे.

त्यानंतरचं काम टेबलावरचं, आणि ते सर्वांत लांबतं. प्रत्येक नावामागे एक मूळ नमुना असतो, ज्याला आम्ही टाइप म्हणतो. 1958 पासून टाइप कुठला ते सांगितल्याशिवाय नव्या प्रजातीचं नाव ग्राह्यच धरत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या वनस्पतींचे कितीतरी टाइप लंडनच्या क्यू बागेत आहेत. आता त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर मिळतात, त्यामुळे साताऱ्यात बसूनही दीडशे वर्षांपूर्वीचा कागद मोठा करून पाहता येतो. पूर्वी हे भाग्य मोजक्यांनाच लाभायचं. आणखी एक अडसर गेला : 2012 पासून लॅटिनमधलं वर्णन सक्तीचं राहिलं नाही, इंग्रजीतलंही चालतं. लहान गावांतल्या कॉलेजांतली मुलं आज नव्या प्रजाती प्रसिद्ध करतायत, त्यामागे या दोन्ही गोष्टी आहेत. आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादवांनी उभी केलेली परंपरा तर आहेच. त्यांनी कंदीलपुष्पांना नुसती नावं दिली नाहीत, विद्यापीठाच्या बागेत ती वाढवलीही. माझ्या मते दुसरं काम पहिल्याहून मोठं आहे.

वर्गीकरणाबद्दलही कुणीतरी विचारलं होतं. 2017 मध्ये डीएनएच्या आधारे ब्राकिस्टेल्मा ही कंदीलपुष्पांची जवळची नातलग आणि माकडशिंगीचे भाऊबंद हे सगळे सेरोपेजियात, म्हणजे कंदीलपुष्पांच्याच गटात घातले गेले. त्यामुळे हा गट एकदम सातशेच्या वर प्रजातींचा झाला. पुष्कळ जण अजून जुनीच नावं वापरतात. मला डीएनएचा पुरावा पटतो. पण सड्यावर हाताशी भिंग एवढंच असतं, आणि तिथे ब्राकिस्टेल्माचं पसरट फूल वेगळं ओळखता येणं गरजेचं आहे. म्हणून मी मुलांना दोन्ही नावं शिकवते.

एकदा पठारावर गुरं राखणारे एक मामा भेटले. मी वेलाचे फोटो काढत होते. म्हणाले, “ताई, ही खरपुडी. हिचा कांदा आम्ही पोरपणी उकरून खायचो. पर ह्या अंगाची गोड लागती. त्या कड्याची पानचट, आन् तिचं पान बी बारीक.” मी कड्याकडे जाऊन पाहिलं. तिथली खरंच वेगळी होती, जुनीच नोंद झालेली दुसरी प्रजाती. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, आणि आमच्या कुठल्याच पुस्तकात कांद्याची चव लिहिलेली नाही. तेव्हापासून माझ्या वहीत ‘स्थानिक काय सांगतात’ असा एक रकाना आहे.

तर तुम्हाला विनंती. फूल बाजूने, वरून आणि शक्य झालं तर पिंजऱ्याच्या फटीतून टिपा. शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा. पानाच्या दोन्ही बाजू आणि खोडाचा फोटो हवाच : खोड ताठ आहे की वेल गवताला वेढे घालतोय, यावर अर्धी यादी गळते. झाड उपटू नका. एका कड्यावर मोजकीच झाडं असतात, आणि नमुना घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. ठिकाण फक्त मला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. फेसबुकवर गडाचं नाव आणि फूल एकत्र टाकलं की पुढच्या रविवारी तिथे पायवाट पडलेली असते, कधी कंद उकरलेला खड्डाही.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच झाडाकडे पुन्हा जाता आलं तर जा. तोवर गवत पिवळं पडलेलं असतं, जोडीने आलेल्या लांबट शेंगा तडकू लागतात आणि रेशमी शेंड्यांच्या बिया उडतात. फुलाचे फोटो सगळेच पाठवतात. शेंगेचा अजून कुणी पाठवलेला नाही.