ओव्हनपुढची अठरा मिनिटे

परवा दुपारी मी गॅसवर केळीचे पान फिरवून मऊ करत होतो, तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि ओट्यावरच्या पापलेटाकडे बघत म्हणाली, “मासो भाजतंस काय उकडतंस?”

तिने टोमणाच मारला होता, पण प्रश्न मोठा नेमका होता. हळद, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून, चिरांमध्ये कोथिंबीर, लसूण, आले आणि हिरव्या मिरचीचे वाटण भरून पानात गुंडाळलेला मासा ओव्हनमध्ये ठेवला, की तो आपल्याच वाफेत शिजतो. म्हणजे म्हटले तर तो उकडलेलाच. पान जिथे करपते तिथला वास मात्र भाजल्याचा असतो. मी शेवटची पाच मिनिटे पान उघडून ठेवतो, म्हणजे कडा जराशा तांबूस होतात आणि आईला उत्तर देता येते.

आम्ही घरात दोघेच. तिला तळलेले वर्ज्य झाल्यापासून, केक करण्यासाठी म्हणून घेतलेला आणि पाव भाजण्यापलीकडे कधी न वापरलेला छोटा ओव्हन मी कामाला लावला आहे. दोघांना साडेचारशे ग्रॅमचा एक पापलेट पुरतो. तळहाताएवढी पिल्ले स्वस्त मिळतात, पण ती मी घेत नाही. कमी होत चाललेला हा मासा जपला जावा म्हणून सरकारने २०२३ साली त्याला राज्यमासा केले. आमच्या कोळणीने मात्र त्यातून एवढाच अर्थ काढला, की आता घासाघीस करायची नाही.

लहानपणी गणपती गेले आणि ताजे बांगडे येऊ लागले, की आई परसातली हळदीची पाने काढून आणी. भात उतरल्यावर चुलीतले निखारे बाजूला ओढून, पानात बांधलेला बांगडा ती त्या धगीला ठेवत असे. त्याचा वास मला अजून आठवतो. पण तो एखाद-दुसरा, मुलांच्या हट्टाखातर. खरा स्वयंपाक तव्यावरचाच. आठ माणसांची पंगत बसलेली, आत रव्यात घोळवलेल्या तुकड्या तेलात पडल्याचा चर्र आवाज, आणि आई एकेक तुकडी कडकडीत गरम आणून वाढते आहे, हेच चित्र डोळ्यांपुढे येते. ती आमच्याबरोबर जेवायला बसल्याचे मला आठवत नाही. तव्यावर मासा असताना तव्यासमोरच्या माणसाला बसता येत नाही, इतके ते साधे होते.

ओव्हनचे तसे नाही. दोनशे अंशांवर अठरा मिनिटे लावली, की करणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. माशाचे मांस मटणासारखे चिवट नसते, साठ अंशांच्या आसपासच ते शिजून काट्यापासून सुटू लागते. त्यानंतर त्याला आत ठेवणे म्हणजे ते नुसते कोरडे करणे होय. म्हणून मी निवांत बसतो आणि घड्याळाकडे बघतो. आईला मात्र ही सवड सोसत नाही. आवाज नाही म्हणजे शिजत नाही, अशी तिची खात्री आहे. ती खुर्ची ओढून ओव्हनच्या काचेपुढे बसते, पिवळ्या उजेडातल्या त्या हिरव्या पुडीकडे टक लावून बघते, मध्येच उठून सोलकढी ढवळते, जी मुळात ढवळायची गरज नसते, आणि पुन्हा येऊन बसते. एकदा तर तिने काचेला कान लावला होता.

परवाही तसेच झाले. घंटी वाजली, मी पान सोडले, भाताबरोबर एक बाजू तिच्या ताटात आणि एक माझ्या ताटात वाढली, आणि आम्ही दोघे एकाच वेळी जेवायला बसलो. मी तिच्याकडे बघत होतो. तिने सावकाश जेवून, काटा स्वच्छ करून ताटाच्या कडेला ठेवला, पानावर उरलेले वाटण बोटाने पुसून घेतले आणि म्हणाली, “बरा झाला. उद्या तवो काढतलंस मां?”