गाडी धुतल्यानंतर ती कोरडी करताना: माझा अनुभव

घरी गाडी धुताना बहुतेकांचे सगळे लक्ष शाम्पूवर आणि फेसावर असते, आणि शेवटी अंगावर राहिलेले पाणी हाताला येईल त्या फडक्याने पुसून काम आटोपले जाते. धुतलेल्या गाडीवर नंतर दिसणारे पांढरट ठिपके आणि उन्हात गोल-गोल चमकणारे बारीक ओरखडे यांपैकी पुष्कळसे याच शेवटच्या अर्ध्या तासात तयार होतात, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. माझी गाडी गडद रंगाची असल्यामुळे ही गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. फिकट रंगाच्या गाडीवरही तेच घडत असते, फक्त ते डोळ्यांना उशिरा दिसते.

डाग पाण्याचा नसतो, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी-अधिक प्रमाणात असतातच. थेंब वाळतो तेव्हा पाणी तेवढे उडून जाते आणि क्षार रंगावर राहतात, तेही थेंबाच्या कडेला अधिक, म्हणून डाग वर्तुळासारखा दिसतो. घरात पाणी मऊ करणारे यंत्र असले, तरी डागांपासून पूर्ण सुटका होत नाही, कारण ते यंत्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या जागी सोडियम आणते, क्षार नाहीसे करत नाही. मात्र असे डाग पुसायला सोपे जातात. ताजा, वर बसलेला डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून, त्यात भिजवलेले मऊ कापड क्षणभर ठेवल्याने निघतो, कारण त्यातले आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला विरघळवते. पण लगेच भरपूर पाण्याने ती जागा धुवावी लागते आणि आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे लागते. रंगात खोल उतरलेला डाग यानेही जात नाही, त्याला पॉलिश करावे लागते. म्हणून थेंब अंगावर वाळूच न देणे हाच मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.

यासाठी मी गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागेल अशा वेळीच धुतो. प्रवासाहून नुकत्याच आलेल्या गाडीचे बॉनेट तापलेले असते आणि त्यावरचे पाणी बाकीची गाडी धुऊन होण्याआधीच वाळते. एक भाग धुतला की पुढचा धुताना आधीच्या भागावर मधूनमधून पाणी सोडत राहिल्यास संपूर्ण गाडी शेवटपर्यंत ओली राहते आणि कोरडे करण्याची घाई होत नाही.

फडके लावण्यापूर्वी जितके पाणी स्वतःहून उतरेल तितके मी उतरू देतो. शेवटच्या धुण्याला पाइपाचे फवारा मारणारे नोझल काढून टाकतो, पाइपाचे तोंड रंगाला न टेकवता अगदी जवळ धरतो, आणि टपापासून खाली असे सावकाश, संथ पाणी सोडतो. फवाऱ्याने पाणी फुटून हजारो थेंब तयार होतात. संथ धारेत मात्र ते एका पातळ पडद्यासारखे एकत्र सरकते आणि जाताना मागचे थेंबही आपल्यात ओढून नेते. गाडीला वॅक्स लावलेले असेल तर हा परिणाम फार ठळक दिसतो आणि उभ्या दरवाजांवर जवळजवळ काहीच पाणी उरत नाही. वॅक्स झिजलेल्या गाडीवर पाणी पसरून चिकटून बसते, तेव्हा या धारेचा उपयोग कमी होतो.

आता फडक्याविषयी, कारण खरा फरक तिथे पडतो. आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो आणि तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे सहसा माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. धुऊनही एखादा वाळूचा कण राहिला आणि त्यावरून घट्ट कापड दाबून फिरवले, तर ओरखडा या थरातच उमटतो. जुना सुती टॉवेल पाणी शोषतो, पण कण आत घेत नाही. शॅमॉय, म्हणजे पूर्वी वापरात असलेले मऊ कातडे, गुळगुळीत असल्यामुळे कणाला रंगावरच दाबून ठेवते. मायक्रोफायबरचे कापड पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे असते आणि त्याच्या लवेत पाण्याबरोबर कणही ओढला जातो. मी गाडी कोरडी करण्यासाठीच असलेले, मोठ्या आकाराचे आणि लांब वळलेल्या फासांचे जाड कापड वापरतो. वजन, म्हणजे जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम), फार जास्त असण्याचा आग्रह मी धरत नाही. फार जड कापड भिजल्यावर हाताळणे अवघड होते. काठाची शिवण मात्र मऊ असावी आणि त्यावरची कागदी किंवा कडक पट्टी आधीच काढून टाकावी.

हे कापड मी घासत नाही. ते बॉनेटवर पूर्ण उघडून पसरतो, दोन कोपरे धरतो आणि कापडाच्या स्वतःच्या वजनानेच ते आपल्याकडे ओढून घेतो. टप आणि काचा आधी, मग बॉनेट आणि डिकी, नंतर दरवाजांचा वरचा भाग, आणि चाकांच्या वरची व खालची बाजू सर्वांत शेवटी, तीही वेगळ्या कापडाने, कारण चिखल आणि खडे तिथेच अधिक असतात. कापड जमिनीवर पडले तर ते त्या दिवशी पुन्हा गाडीला लावत नाही. हे कापड सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, त्याला सुती तंतू चिकटतात; आणि कपडे मऊ करणारे द्रव तर अजिबात घालू नये, कारण त्याचा थर तंतूंवर बसून पाणी शोषण्याची शक्तीच कमी होते.

एवढे केल्यानंतरही पाणी लपून राहतेच. आरशांच्या मागची फट, दरवाजांचे हँडल, इंधनाच्या टाकीचे झाकण, नंबरप्लेटच्या मागची जागा, वायपरच्या मुळाजवळची जाळी आणि दिव्यांच्या कडा या साऱ्यांतून ते बराच वेळ ठिबकत असते, आणि नुकत्याच चकचकीत केलेल्या दरवाज्यावर त्याची ओघळ उतरते. हवेचा ब्लोअर असेल तर या जागांसाठी तो फार उपयोगी आहे. तो न तापणाऱ्या हवेचा असावा आणि त्याचा झोत जमिनीवर पडू नये, नाहीतर उडालेली धूळ ओल्या रंगावरच बसते. ब्लोअर नसेल तर लहान कापड फटीत घालून दाबावे. चारही दरवाजे आणि डिकी उघडून चौकटीचे रबर आणि खालची पट्टी मी वेगळ्या कापडाने पुसतो. दरवाजांच्या तळाशी पाणी बाहेर पडण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात, ती मातीने बुजलेली नाहीत याचीही तेव्हाच खात्री करून घेतो, कारण ती बुजली तर पाणी दरवाज्याच्या पोटातच साचते आणि गंजाला सुरुवात होते.

यानंतर गाडी तशीच उभी करणे मी टाळतो. ब्रेकच्या डिस्क उघड्या लोखंडाच्या असल्यामुळे ओल्या राहिल्या की काही तासांतच त्यांवर तांबूस थर येतो, आणि हँडब्रेक ओढून ठेवलेला असला तर डिस्कला दाबून धरणारे ब्रेक पॅड तिला चिकटूही शकतात. म्हणून थोडे अंतर सावकाश चालवून, मोकळ्या जागी हलके ब्रेक दाबून, डिस्क कोरड्या करतो. त्या फेरीत आरशांतले आणि नंबरप्लेटमागचे उरलेले पाणीही निघून येते, आणि परतल्यावर एका कोरड्या कापडाने ते ओघळ टिपून घेतो.