तुम्ही विचारलंत म्हणून: लिफ्ट केलेल्या ट्रकला टायर कोणता घालायचा?

गणपतीची आरती झाली, प्रसादाचा द्रोण हातात पडला, की मंडळाच्या हॉलबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी माझ्या ट्रकभोवती एक फेरी मारतं. (इथे अमेरिकेत पिकअपला सगळे ट्रकच म्हणतात.) पुढच्या चाकाशी वाकून टायरवरचा आकडा वाचतं आणि विचारतं, "दादा, मीही टॅकोमा घेतलाय. तीन इंच लिफ्ट करून घेतलाय. रोज ऑफिसला तोच नेतो. तेहतीसचे टायर बसतील ना?" टॅकोमा म्हणजे टोयोटाचा पिकअप, लिफ्ट म्हणजे सस्पेन्शन बदलून तो उंच करून घेणं, आणि तेहतीस म्हणजे ३३ इंच व्यासाचे टायर.

बसतात. पण हे उत्तर अपुरं आहे, आणि बाकीचं उत्तर हातात द्रोण धरून उभ्या उभ्या देता येत नाही. गेल्या दोन वर्षांत सात-आठ जणांनी विचारलं, म्हणून एकदा नीट लिहितोय.

मी डेन्व्हरच्या पश्चिमेला लेकवूडला राहतो. ट्रक २०१८ चा, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक. ऑफिसला जाऊन-येऊन ४६ मैल. सुट्ट्यांत कोलोरॅडोतल्या डोंगरवाटा, आणि वर्षातून एकदा युटामध्ये मोआब. सगळं धरलं तर वर्षातले वीसेक दिवस दगडधोंड्यांत जातात. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस हा ट्रक डांबरावर असतो: ऑफिस, शाळा, किराणा, विमानतळ. टायर ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते वीस दिवस होते, आणि तिथेच माझं चुकलं.

आधी आकडा वाचायला शिका. माझ्या ट्रकवर कंपनीतून आलेला टायर २६५/७० आर १६. म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आणि रिम १६ इंची. २६५ चे ७० टक्के १८५.५; ते वर आणि खाली मिळून ३७१; त्यात रिमचे ४०६ मिळवले की ७७७ मिलिमीटर, साधारण ३०.६ इंच. आता ज्याला सगळे 'तेहतीस' म्हणतात तो २८५/७० आर १७ मांडून बघा: ८३१ मिलिमीटर, ३२.७ इंच. व्यासात ५४ मिलिमीटरचा फरक. पण ट्रक जमिनीपासून उचलला जातो तो त्याच्या निम्म्यानेच, २७ मिलिमीटर. मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारे गिअर त्यात असतात) दगडाला लागू नये म्हणून ही सगळी धडपड असते. पाटे बदलून मागून कितीही लिफ्ट करा, तो गोळा तसूभरही वर जात नाही. त्याला टायरच वर उचलतो. मोठ्या टायरचा खरा फायदा हा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण तो सव्वा इंचही नाही, हे पैसे मोजण्याआधी माहीत असावं.

दुसरी गोष्ट, लिफ्ट केला म्हणजे टायरला जागा झाली हा समज. ट्रक नुसता उभा असतो तेव्हा चाक आणि मडगार्ड यांच्यात छान मोकळी जागा दिसते, फोटोही चांगला येतो. पण खड्ड्यात चाक वर दाबलं गेलं की ते पूर्वी जिथवर जायचं तिथवरच जातं, कारण ते जिथे अडतं तो बंप स्टॉप आहे तिथेच असतो. वळताना तर उंचीचा संबंधच नाही. पुढचं चाक पूर्ण वळलं की त्याची मागची कड केबिनच्या दिशेने जाते, आणि तिथे केबिन चासीवर जिथे बोल्टने बसवलेली असते तो लोखंडी कान असतो, बॉडी माउंट. तीन इंच लिफ्ट करा की सहा इंच, तो कान आडवा येतो तो येतोच.

मला हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं. किराणा भरून झाला होता, मुलगी मागे बसली होती. रिव्हर्स घेताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि खालून करकरून खरवडल्याचा आवाज आला. मुलीला वाटलं चाकाखाली काहीतरी आलं. उतरून, गुडघ्यावर बसून टॉर्च मारला. टायरच्या खांद्यावर एक काळी चकचकीत रेघ उमटली होती, आणि बॉडी माउंटच्या कडेचा रंग उडून बोटभर लोखंड उघडं पडलं होतं. जिथे टायर घेतले होते तिथे गेलो तर म्हणाले, कान कापून नवी पट्टी वेल्ड करू, सगळे तेच करतात. सगळे करतात हे खरं आहे, नीट केलं तर ते टिकतंही. पण टायर बसावा म्हणून ज्या ट्रकमध्ये रोज मुलीला नेतो त्याचं लोखंड कापायचं, हे माझ्या मनाला पटलं नाही.

अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) वाढवून चाक थोडं पुढे सरकवता येतं; वरचे कंट्रोल आर्म (चाकाला वरून धरणारे सस्पेन्शनचे दांडे) बदलले की आणखी थोडं. मी दोन्ही केलं. घासणं कमी झालं, थांबलं नाही. त्यात रिम बाहेर काढलेल्या होत्या, म्हणजे ऑफसेट कमी. चाक बाहेर आलेलं दिसायला दमदार वाटतं, पण वळताना ते तितका मोठा घेर घेतं आणि जास्त घासतं. तुम्ही अजून रिम घेतल्या नसतील तर इथेच थांबा.

आता वजन. टायर काढले तेव्हा घरच्या वजनकाट्यावर दोन्ही ठेवून पाहिले. जुना १७ किलो भरला, नवा २५. दर चाकाला आठ किलो जास्त, आणि तेही फिरणारं वजन. आय-७० महामार्गाने आयझेनहावर बोगद्याकडे चढायला लागलात की हे आठ किलो कळतात. बोगदा ११,००० फुटांवर आहे. विनाटर्बो इंजिनची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे आधीच इंजिनला धाप लागलेली. त्यात मोठ्या टायरने गिअर लांब केलेला: माझ्या ट्रकचा मागचा रेशो (चाकाच्या एका फेरीमागे ड्राइव्हशाफ्टच्या किती फेऱ्या) ३.९०९, तो ३.६६ असल्यासारखा वागायला लागला. गिअरबॉक्स सहाव्यातून पाचव्यात, पाचव्यातून चौथ्यात, परत वर, परत खाली. आपल्याकडे खंबाटकी घाटात भरलेला ट्रक ड्रायव्हरच्या हातून जसा गिअर मागत चढतो, तसा. फरक इतकाच की इथे ही मागणी अख्खा हिवाळा दर शनिवारी. रेशो ४.८८ चा करून घेतला की हे सुटतं, पण मग पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल उघडावं लागतं. टायरच्या बिलात हे कुणी धरत नाही.

स्पीडोमीटरही चुकायला लागतो. काटा ६५ दाखवतो तेव्हा ट्रक ६९ च्या पुढे असतो. याचीच दुसरी बाजू म्हणजे ओडोमीटर कमी अंतर मोजतो, म्हणून अ‍ॅव्हरेज आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. माझं गॅलनमागे २० मैल होतं, तेहतीसवर हिशोब १६.५ यायला लागला. मी घाबरलो. मग लक्षात आलं की प्रत्येक मोजलेला मैल खरं तर १.०७ मैल आहे. खरा आकडा १७.६. तोटा आहेच, पण लोक सांगतात तेवढा नाही. तुम्हीही गुणाकार करून मगच वाईट वाटून घ्या.

बर्फाचं मात्र गंभीरपणे घ्या. मोठा साईझ निवडला की दुकानात हात आपोआप मड टेरेनकडे, म्हणजे चिखलाच्या टायरकडे जातो, माझाही गेला. चिखलासाठी त्याचे ठोकळे मोठे आणि एकमेकांपासून लांब असतात, पण ठोकळ्यांवर बारीक चिरा फारशा नसतात, आणि गोठलेल्या रस्त्यावर पकड येते ती त्या चिरांमुळे. जानेवारीत आयडाहो स्प्रिंग्जला महामार्गावरून उतरताना खालच्या सिग्नलपाशी ब्रेक दाबला आणि ट्रक थांबलाच नाही. वेग पंधरा-वीस मैलांचा असेल. एबीएस पायाखाली थडथडत होता, आणि फोर व्हील ड्राइव्ह थांबायला काहीही मदत करत नाही हे मला तेव्हा शरीराने कळलं. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्या रात्री घरी आल्यावर मी ठरवलं की हे टायर या ट्रकवर पुढचा हिवाळा बघणार नाहीत.

मॉरिसन ते डॉटसेरो या आय-७० च्या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरची नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर, खोल हवी असा कोलोरॅडोचा नियमच आहे. मी त्यापुढे जाऊन म्हणेन, बाजूवर डोंगरात हिमकण काढलेलं चिन्ह असल्याशिवाय टायर घेऊ नका. चांगल्या ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या टायरवर ते असतं. आणि रुंदीच्या मागे लागू नका. ओल्या, उथळ बर्फात अरुंद टायर तो कापून खालच्या रस्त्याला लवकर भिडतो.

एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते. आई त्या वर्षी कराडहून सहा महिन्यांसाठी आली होती. गुडघे दुखरे, नऊवारी नाही पण साडीच नेसते. तेहतीसच्या त्या ट्रकमध्ये तिला चढता येईना. मी मागच्या सीटखाली एक लाकडी पाट ठेवायला लागलो. प्रत्येक थांब्याला उतरायचं, पाट ठेवायचा, तिचा हात धरायचा. ती कधी काही बोलली नाही. फक्त हळूहळू "तुम्ही जाऊन या" म्हणायला लागली. रोजचा ट्रक म्हणजे काय, याची माझ्यापुरती व्याख्या तेव्हा झाली: घरातल्या प्रत्येकाला त्यात बसावंसं वाटलं पाहिजे.

तर आता माझ्या ट्रकवर काय आहे? २६५/७५ आर १६. मूळ रिम, मूळ रुंदी, फक्त बाजू थोडी उंच. व्यास ८०४ मिलिमीटर, ३१.६ इंच. हाच व्यास २६५/७० आर १७ मध्येही मिळतो आणि बरेच जण त्यासाठी १७ च्या रिम घेतात. पण तिथे बाजूची उंची मूळ टायरइतकीच, १८५.५ मिलिमीटर राहते. १६ च्या रिमवर ती १९९ होते. हे तेरा मिलिमीटर रबर मोआबच्या खडकावर हवा ३५ वरून १८ पीएसआयवर आणली की कामी येतं. टायर दगडावर हात ठेवल्यासारखा पसरतो, दगडाला धरतो. पकड त्या पसरण्यातून येते. शिवाय पूर्वीच्या कितीतरी मोठ्या अमेरिकन पिकअपवर हा साईझ कंपनीतूनच यायचा, त्यामुळे आडगावच्या टायरवाल्याकडेही तो मिळतो. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक हीट गनने थोडं मागे दाबावं लागलं, मडफ्लॅपची कड कापावी लागली. लोखंडाला हात लावला नाही. स्पीडोमीटरचा फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. आणि आई पाटाशिवाय चढते, दाराच्या दांड्याला धरून.

ताकदीचा प्रश्न उरतो. टायर किती वजन पेलतो त्याचे वर्ग असतात: सी, डी की ई? ई म्हणजे दहा प्लायच्या (थरांच्या) तोडीचा, सगळ्यात दणकट. ट्रकवर कायमचा तंबू, पाण्याच्या टाक्या, सामान असेल, किंवा तुम्ही एकटे धारदार दगडांच्या वाटांवर जात असाल, तर ई घ्या. रिकामा ट्रक ऑफिसला नेणाऱ्याला ई म्हणजे कडक, उड्या मारणारी गाडी आणि दर चाकाला आणखी दोन-तीन किलो. मी स्टँडर्ड लोड, म्हणजे साध्या गाड्यांच्या ताकदीचा घेतला. फक्त टायरचा लोड इंडेक्स (तो किती वजन पेलतो याचा बाजूवर छापलेला आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, हे दुकानात स्वतः वाचून खात्री करा.

हवा किती? दरवाज्यावरचा स्टिकर मूळ टायरसाठी आहे. एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामासाठीचा) प्रकारचा टायर घेतला तर तेवढंच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते. मी लोड टेबल (किती वजनाला किती हवा, याचा तक्ता) बघतो आणि मग खडू काढतो. नक्षीवर आडवी जाड रेघ मारायची, सरळ रस्त्याने दोनएकशे फूट जायचं, उतरून बघायचं. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. सारखी पुसली की आकडा लिहून ठेवायचा. पण टेबलातल्या किमान हवेच्या खाली खडूचं ऐकून जायचं नाही.

आणि टायर पाच घ्या, चार नाही. ट्रकखाली लटकलेली स्टेपनी जुन्या साईझची राहिली आणि डोंगरात पंक्चर झालं, तर वेगळ्या व्यासाच्या चाकावर फोर व्हील ड्राइव्ह लावता येत नाही. पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं आणि ट्रान्स्फर केसवर (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. नेमकं जिथे फोर व्हील लागणार तिथेच ते हातातून जातं. पाचही टायर आलटून-पालटून फिरवले की सारखे झिजतात.

तेहतीस चुकीचेच, असं मी म्हणत नाही. घरात ऑफिसला न्यायला दुसरी गाडी असेल, रेशो बदलायची आणि लोखंड कापायची तयारी असेल, आणि खरोखर मोठ्या दगडांच्या वाटांवर महिन्यातून दोनदा जात असाल, तर तो इंचभर फायदा तुमच्या उपयोगाचा आहे. माझे तेहतीस अशाच एकाने नेले. त्याचा ट्रक ट्रेलरवर चढून डोंगरापर्यंत जातो.

तुमचा मात्र सोमवारी सकाळी ऑफिसला जाणार आहे. ऑर्डर द्यायच्या आधी एका रविवारी घेऊन या. पुढचं एक चाक रॅम्पवर चढवू, स्टेअरिंग पूर्ण वळवू, आणि त्या कानाशी टॉर्च मारून किती बोटं जागा आहे ते मोजू.